दुभाष्याची कचेरी आणि ‘केसरी’

१३ जुलै १९०८ रोजी मुंबई हायकोर्टात बाळ गंगाधर टिळकांवरील दुसऱ्या राजद्रोहाच्या खटल्याची सुनावणी सुरू झाली. ज्युरीच्या बाकांवर नऊ जण होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला होता ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर, १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे त्यातले मुख्य. आपले लेख मराठीत आहेत, तेव्हा ते मूळ भाषेत समजू शकेल अशी ज्युरी असावी, हा टिळकांच्या बाजूचा आग्रह न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी मानला नव्हता. ज्या मजकुराचा निवाडा व्हायचा तो मजकूर निवाडा करणाऱ्यांनी वाचलाच नाही. त्यांनी वाचले ते त्याचे इंग्रजी भाषांतर.

या खटल्याबद्दल मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. टिळक एकवीस तासांवर बोलले, २२ जुलैला रात्री निकाल लागला, सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष, सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड, मग मंडाले आणि ‘गीतारहस्य’. हे सारे शाळेपासून आपल्याला पाठ आहे. मला या खटल्यात जो माणूस सर्वांत जास्त खुणावतो तो मात्र या कथेत कुठेच नसतो. तो म्हणजे भाषांतरकार. याला कारण माझ्या पेशाचे आहे. नोकरीची सारी वर्षे मी मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे करण्यात घालवली : खरेदीखते, पंचनामे, जबान्या, मृत्युपत्रे. ज्याला मराठी येत नाही अशा माणसाच्या टेबलावर आपला कागद जातो आणि तिथे मूळ कागद कुणी उघडत नाही, हे मी रोज पाहिले आहे.

जनसंज्ञापनाच्या पाठ्यपुस्तकांत संदेशाच्या वाटेतले अडथळे सांगितलेले असतात. भौतिक, मानसिक, सांस्कृतिक आणि त्यातच कुठेतरी एका ओळीत ‘भाषिक’. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा जो आराखडा मांडला त्यात ‘गोंगाट’ हा बाहेरून येऊन मिसळतो. तारेत खरखर होते, अक्षर गळते. आराखडा टेलिफोनच्या तारेसाठी उत्तम. मुंबई सरकारच्या कचेरीत मात्र खरखर कुणी केली नव्हती. तिथे सगळे लोक नेमून दिलेले काम नीटपणे करत होते आणि तरीही कागद एका टोकाला जे म्हणत होता ते दुसऱ्या टोकाला म्हणत नव्हता.

ही कचेरी काय होती हे आधी सांगितले पाहिजे. देशी भाषांतली वर्तमानपत्रे काय लिहितात हे इंग्रज अधिकाऱ्यांना कळावे म्हणून १८६०च्या दशकापासून निरनिराळ्या प्रांतांत त्यांचे साप्ताहिक इंग्रजी सारांश तयार होऊ लागले. मुंबई इलाख्यात त्याला ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’ म्हणत. तो गोपनीय असे. मराठी, गुजराती, कानडी, सिंधी, उर्दू पत्रे वाचायची, त्यांतले उतारे निवडायचे, कुठे शब्दशः आणि कुठे दोन ओळींत गोषवारा द्यायचा, मग ते राजकारण, कायदे, शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, संस्थाने अशा मथळ्यांखाली लावायचे. पुढे या कामावर ओरिएंटल ट्रान्स्लेटर म्हणजे सरकारचा मुख्य भाषांतरकार होता आणि त्याच्या हाताखाली एतद्देशीय पदवीधरांची फळी. हे लोक निर्बुद्ध नव्हते. बहुतेकांची मराठी आजच्या आपल्या मराठीपेक्षा चांगली असणार.

आमच्या नागपूरची गंमत वेगळीच. मध्य प्रांतातली पत्रे बरीच वर्षे पंजाब, वायव्य प्रांत आणि अवध यांच्या पत्रांबरोबर एकाच संकलनात जात, आणि ते तयार होई उत्तरेत. भोसल्यांच्या राजधानीतले मराठी गाऱ्हाणे लाहोर-लखनौच्या उर्दू गाऱ्हाण्यांशेजारी बसे. तिथल्या वाचकाला दोन्ही सारखीच वाटत असतील, कारण सारांशाची इंग्रजी एकच होती. अमुक पत्र तक्रार करते की, तमुक पत्र आशा व्यक्त करते की. शेकडो पाने या दोन वाक्यरचनांवर चालतात. चिडलेला संपादक आणि विनवणी करणारा संपादक दोघेही ‘तक्रार’ करतात. आणि दर आठवड्याला एवढ्याशा जागेत इतकी पत्रे बसवायची म्हटल्यावर निवड होते ती अधिकाऱ्याच्या कानाला जे टोचेल त्याची. विहिरींवरचा तीन रकान्यांचा लेख गळतो, त्याच्या शेवटी कलेक्टरला मारलेला टोमणा तेवढा राहतो.

अशा सारांशावर वर्षानुवर्षे मत बनलेले असताना १८९७ साल उजाडले. पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग कमिटीने घरतपासणीसाठी गोरे सोल्जर लावले. तपासणीचे नियम सांगणारी पत्रके मराठीत निघाली होती. देवघर, स्त्रिया, सामान यांबद्दल सबुरीची भाषा त्यांत होती. पण ज्यांनी ते नियम पाळायचे त्या सोल्जरांना मराठी येत नव्हती आणि ज्यांच्या घरात ते शिरत त्यांना इंग्रजी येत नव्हती. म्हणून तुकड्यांबरोबर गावातले काही गृहस्थ दुभाषी म्हणून दिले गेले. उंबऱ्यावर उभे राहून दोन्हीकडे समजावायचे, हे त्यांचे काम. पत्रकातली सबुरी त्या उंबऱ्यापर्यंत किती टिकली ते ‘केसरी’चे त्या महिन्यांचे अंक वाचले की कळते.

१५ जून १८९७च्या ‘केसरी’त शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मधे एक आठवडा. सरकारी पक्षाला जोडणी करायला तेवढा पुरेसा होता. पण त्या खटल्यातला जो तपशील मला विलक्षण वाटतो तो निराळा आहे. राजद्रोहाची फिर्याद सरकारतर्फे कुणी दाखल केली? पोलीस कमिशनरने नाही, कलेक्टरने नाही. मिर्झा अब्बास अली बेग यांनी, म्हणजे ओरिएंटल ट्रान्स्लेटरने. कायद्याच्या दृष्टीने ती एक औपचारिक सोय असेल. तरी विचार करा : वर्तमानपत्र वाचणारा, त्यातले निवडणारा, त्याचे इंग्रजी करण्याच्या खात्याचा प्रमुख आणि फिर्यादी, हे सारे एकच.

त्या वृत्तांताचा गाभा होता अफझलखानाचे प्रकरण. शिवाजीने केले ते पाप की नाही, यावर उत्सवात भाषणे झाली होती. आता मराठी माणूस या घटनेला काय म्हणतो? ‘वध’. बखरींपासून शाळेच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत हाच शब्द. कंसाचा वध, रावणाचा वध, तसा अफझलखानाचा वध. या शब्दाच्या पोटातच निवाडा बसलेला आहे; मारला गेला तो मारण्याजोगा होता, असे शब्द स्वतःच सांगतो. ‘खून’ म्हटले की निवाडा उलटतो. ‘हत्या’ म्हटले की पापाची छाया येते. मराठी वाचकाच्या मनात ‘वध पाप होते काय’ हा प्रश्न पुराणाच्या ओसरीवरचा आहे. कीर्तनकारही तो विचारतो. इंग्रजीत यासाठी जो शब्द घ्याल तो फसवतो. ‘मारणे’ असा कोरडा शब्द घ्यावा तर पुराणाची ओसरी जाते आणि उरते ती फक्त एका सरदाराने दुसऱ्याला मारल्याची चर्चा. ‘खून’ घ्यावा तर वक्ते खुनाचे समर्थन करत होते असे होते. भाषांतरकार म्हणून मला विचारले तर कोरडा शब्द घेणेच प्रामाणिक. आणि तो घेऊनही, एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या खुनानंतर दोन-अडीच महिन्यांनी तो मजकूर इंग्रजीत वाचणाऱ्या गोऱ्या ज्युरीला त्यात काय दिसेल ते सांगायला नको. कवितेचे तर गद्यच झाले. स्वर्गातल्या विश्रांतीतून जागा झालेला शिवाजी वृत्तात बोलतो तेव्हा ऐकणारा त्याला काव्य म्हणून ऐकतो. गद्यात तोच मजकूर आरोपपत्रासारखा दिसतो. सहा युरोपियनांनी दोषी ठरवले, तीन एतद्देशीयांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी.

त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला कलम १२४अ समजावताना कायद्यातल्या मूळ इंग्रजी शब्दाचाच अर्थ लावला. सरकारविषयी जो भाव चेतवणे हा गुन्हा, तो म्हणजे प्रेमाचा अभाव, असे ते म्हणाले. मराठी कायद्याच्या पुस्तकांत याला ‘अप्रीती’ हा शब्द रूढ झाला. गंमत अशी की स्ट्रॅचींचा अर्थ त्या मराठी शब्दात अगदी चपखल बसतो, कारण ‘अ’ लागला की नुसता अभाव. इंग्रजीत मात्र त्या शब्दाला बेइमानीची, उठावाची जुनी छटा होती. इंग्रजीतल्या इंग्रजीत झालेले हे भाषांतर. त्यावर एवढा गदारोळ झाला की १८९८ साली कायदा दुरुस्त करून द्वेष आणि तुच्छता हे शब्द घालावे लागले आणि बेइमानी व शत्रुत्वाची भावना त्यात येते असे स्पष्टीकरण जोडावे लागले.

आता पुन्हा १९०८. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब पडला, किंग्जफोर्डसाठी टाकलेल्या त्या बाँबने दोन केनेडी बायका मेल्या. ‘पायोनियर’सारख्या अँग्लो-इंडियन पत्रांनी सूडाची भाषा सुरू केली. ‘केसरी’चे लेख हे त्या गदारोळातले उत्तर होते. आपला वाचक दुसरी बाजू ऐकून आहे, हे गृहीत धरून ते लिहिलेले होते. पण ज्युरीपुढे आले ते फक्त उत्तर. ज्या प्रश्नाचे ते उत्तर, तो मागेच राहिला. म्हणून टिळकांनी वर्तमानपत्री कात्रणांची चळतच कोर्टात दाखल केली. आपण भांडत होतो ते कुणाशी, हे दाखवल्याशिवाय आपण काय म्हणालो ते कळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. भाषांतराची चर्चा करताना आपण शब्दांपाशी अडतो. टिळकांना सर्वांत जास्त नुकसान या संदर्भ तुटण्याने झाले, असे मला वाटते.

शब्दांचा झगडाही होताच. भाषांतर बरोबर आहे असे सांगायला सरकारी कचेरीतले जोशी नावाचे गृहस्थ साक्षीला उभे होते आणि टिळकांनी स्वतः त्यांची उलटतपासणी घेतली. एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला, इंग्रजीत, मराठी शब्दांच्या छटा विचारतो आहे आणि ऐकणाऱ्या नऊ जणांना त्यातले काही लागत नाही. जोश्यांची मला दया येते. एकेक शब्द सुटा काढून ‘याचा दुसरा अर्थ होतो की नाही?’ असे विचारले की कुठलाही प्रामाणिक भाषांतरकार ‘होतो’ म्हणणार, आणि ‘मग तुम्ही हाच का घेतला?’ याला वाक्याचा ओघ सोडून दुसरे उत्तर नसते.

मराठी भाषा अजून घडते आहे, इंग्रजी राजनीतीतल्या कल्पनांसाठी आम्हाला रोज शब्द पाडावे लागतात, असा टिळकांच्या बचावाचा एक धागा होता. तो नुसता वकिली नव्हता. भाषांतरकाराच्या हाताशी मोलस्वर्थ होता, कँडी होता. मोलस्वर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. तिच्यानंतरच्या पन्नास वर्षांत मराठी वर्तमानपत्रांनी जे घडवले ते तिच्यात कुठून असणार? ‘बहिष्कार’ घ्या. जुना अर्थ, जातीबाहेर टाकणे. वंगभंगानंतर, १९०५पासून, तोच शब्द मँचेस्टरच्या कापडावर जाऊन बसला. ‘चळवळ’ म्हणजे आधी नुसती हालचाल, चुळबुळ. पाहता पाहता ती सभा-मिरवणुकांची झाली. शब्द जुना आणि अर्थ आठवड्यापूर्वीचा, अशा वेळी कोश उघडणारा माणूस चुकतो आणि न उघडणाऱ्यावर मनाचे घातल्याचा आरोप येतो.

याच वेळी ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे तुरुंगात पोचले होते, टिळकांच्या खटल्याच्या जेमतेम आठवडाभर आधी त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. परांजप्यांचे प्रकरण भाषांतरकाराच्या दृष्टीने अगदी उलटे. त्यांचे शस्त्र उपरोध. शब्दशः भाषांतर केले तर सरकारची स्तुती व्हायची! इंग्रज राज्याचे उपकार परांजपे अशा थाटात मोजत की वाचक हसून लोळत असे, आणि सारांशात त्याच ओळी राजनिष्ठ दिसत. तेव्हा भाषांतरकाराला तळटीप द्यावी लागणार : लेखक म्हणतो त्याच्या विरुद्ध त्याचा अर्थ आहे. टिळकांच्या बाबतीत ‘जसे लिहिले तसे वाचा’ आणि परांजप्यांच्या बाबतीत ‘जसे लिहिले तसे वाचू नका’, अशा दोन कसोट्या एकाच महिन्यात लागल्या.

नागपूरला या सगळ्याचा दुसरा पदर आहे. १३ एप्रिल १९०७ला माधवराव सप्रे यांनी इथून ‘हिंदी केसरी’ सुरू केला होता. सप्रे मातृभाषेने मराठी, लिहिणारे हिंदीतले. ‘केसरी’तल्या लेखांचे हिंदी अवतार त्यात छापले जात. मराठी आणि हिंदी या शेजारणी म्हणून हे काम सोपे वाटते; आमच्या मनीषनगरात राहणाऱ्याला ते किती फसवे आहे हे कळते. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप समूहावर अर्धे लोक मराठीत लिहितात, अर्धे हिंदीत. एकदा एकाने उशिरा वर्गणी देणाऱ्यांना ‘शिक्षा’ करावी असे लिहिले, तर हिंदीभाषक शेजारणीला वाटले की त्यांचे प्रबोधन करायचे आहे, आणि तिने हात जोडलेले चित्र पाठवून दुजोरा दिला. ‘चेष्टा’ आपल्याकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. ‘राजीनामा’ आपल्याकडे नोकरी सोडणे, तिकडे तडजोडीचा कागद. लिपी एक, शब्द एक, म्हणून थांबून विचारावे असे कुणाला वाटतच नाही. इंग्रजीच्या बाबतीत निदान दार बंद आहे हे दिसते तरी.

ऑगस्ट १९०८मध्ये सप्रे पकडले गेले. ‘देशसेवक’चे अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही नागपुरात खटला झाला. (याच कोल्हटकरांनी पुढे १९१५ साली मुंबईत काढलेल्या पत्राचे नाव ‘संदेश’.) मुंबईत मराठी मजकूर इंग्रजीत नेणारा भाषांतरकार सरकारी साक्षीदार होता, नागपुरात मराठी मजकूर हिंदीत नेणारा भाषांतरकार आरोपी होता. सप्र्यांनी घरच्यांच्या आग्रहापुढे मान तुकवून माफीनामा दिला आणि सुटले. लोकांनी तो त्यांना विसरू दिला नाही. कित्येक वर्षे ते सार्वजनिक जीवनाच्या कडेला राहिले. मग त्यांनी काय केले? भाषांतरच. समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला आणि टिळकांनी मंडालेत लिहिलेले ‘गीतारहस्य’ही. त्या ग्रंथाचा उत्तर हिंदुस्थानातला मोठा वाचकवर्ग टिळकांना सप्र्यांच्या शब्दांत वाचत आला आहे. माफीनाम्यावर हिंदी अभ्यासकांनी भरपूर लिहिले. या दुसऱ्या गोष्टीवर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, याचे मला नवल वाटते.

आणि एक. निकालानंतर शिक्षेपूर्वी टिळक जे चार शब्द बोलले, मानवी न्यायालयाहून वरच्या शक्तीचा हवाला देणारे, ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहेत. १९५६ साली न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ते हायकोर्टात संगमरवरावर लागले. ते शब्द इंग्रजीत बोललेले आहेत. आपण मराठीत जे म्हणतो ते भाषांतर, आणि ते तीन-चार प्रकारचे आहे. कुठे ‘शक्ती’, कुठे ‘सत्ता’, कुठे ‘न्यायासन’, तर कुठे सरळ ‘ईश्वरी इच्छा’. वक्तृत्व-स्पर्धेतली मुले यातला जो पाठ मिळेल तो म्हणतात.

१९१६ साली टिळकांवर तिसऱ्यांदा बालंट आले, या वेळी बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून, जामीन मागण्याचे. भाषणे मराठी, लघुलेखन पोलिसांचे, त्यावरून इंग्रजी. म्हणजे बोललेल्या शब्दाला आता दोन दारे ओलांडायची होती. या वेळी वकीलपत्र जीनांकडे होते. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती बॅचेलर आणि शहा यांनी टिळकांच्या बाजूने निर्णय दिला. भाषणे समग्र वाचली पाहिजेत, सुट्या वाक्यावर भर देऊन अर्थ काढता येणार नाही, असे बॅचेलर यांनी म्हटले. आठ वर्षांपूर्वी कात्रणांची चळत मांडून टिळक जे सांगू पाहत होते ते हेच.

हा सगळा इतिहास मी जुना म्हणून सांगत नाही. आमच्या शेजारच्या इमारतीतली एक मुलगी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मराठी पत्रांवर प्रबंध लिहिते. ‘केसरी’चे अंक आहेत, पण गावोगावच्या किती लहान पत्रांच्या फायली वाळवीने खाल्ल्या, रद्दीत गेल्या, पुरात भिजल्या. त्यांचे जे चार-दोन परिच्छेद उरले आहेत ते त्या गोपनीय साप्ताहिक सारांशांत, इंग्रजीत. दिवाळीच्या आधी ती अशा काही पानांच्या छायाप्रती घेऊन आली. ‘काका, याचे त्या काळच्या मराठीत करून द्याल का? अवतरण म्हणून घालायचे आहे.’ मला ते सहज जमले असते. ‘सांप्रत’, ‘येणेप्रमाणे’, ‘मायबाप सरकार’ पेरले की वाचणाऱ्याला वाटेल, संपादकच बोलतो आहे. अशी परत मराठीत आणलेली अवतरणे मी छापील पुस्तकांत पाहिली आहेत आणि पुढच्या पुस्तकाने ती मूळ समजून उचललेलीही पाहिली आहेत.

मी तिला साध्या आजच्या मराठीत आशय लिहून दिला आणि अवतरणचिन्हे काढायला सांगितली. तिने त्यापुढे जाऊन तक्त्यात एक रकाना वाढवला : ‘मूळ अंक पाहिला’ किंवा ‘सरकारी इंग्रजी सारांशावरून’. एकशे बेचाळीस नोंदींपैकी शहाण्णव दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या. रकान्यामुळे तक्ता पानाबाहेर जातो, असे तिच्या मार्गदर्शकांचे म्हणणे पडले. तिने पान आडवे केले.